दप्तरातला मोबाईल आणि आमची मराठी शाळा

शाळा सुरू होऊन महिना लोटला की पालकसभा भरते आणि दर वर्षी तिच्यात तेच तीन विषय निघतात : वेळेवर न येणारी बस, मुलींच्या शौचालयाचे दार आणि शिक्षकांच्या रिक्त जागा. यंदा या तिन्ही विषयांना मागे सारून चौथ्याच विषयाने सभा ताब्यात घेतली. तो विषय म्हणजे मुलांच्या दप्तरातला मोबाईल. एक पालक उठून म्हणाले, ‘‘सर, सगळ्यांचे फोन काढून घ्या आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत कुणाला देऊ नका.’’ त्यांच्या मागेच बसलेल्या दुसऱ्या पालकांनी विचारले, ‘‘पोराजवळचा फोन माझाच आहे. तो तुम्ही कपाटात ठेवलात तर बँकेचा ओटीपी मला कोण वाचून दाखवणार?’’ सभेत हशा पिकला. पण ही दोन वाक्ये बोलणारी माणसे शेजारी-शेजारी राहणारी, एकाच गावची आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे पटेल.

या प्रश्नाची सुरुवात आम्हीच केली, हे प्रथम कबूल केले पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि ‘मुलांना स्मार्टफोन घेऊन द्या’ असा निरोप आम्ही शिक्षकांनीच घरोघर पाठवला. कोणी रेडकू विकले, कोणी भिशीचे पैसे मोडले, कोणी उद्यमबागच्या फौंड्रीत जादा पाळी केली आणि फोन आणला. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज मिळेना म्हणून मुले टेकडीवर जाऊन बसत. मराठी माध्यमाच्या मुलांना दूरचित्रवाणीवरच्या कन्नड पाठांचा उपयोग मर्यादित होता. त्यामुळे शिक्षकाने आपल्या आवाजात पाठवलेला धडा हीच त्यांची शाळा होती. जो फोन शाळा चालू राहावी म्हणून आम्ही मागवला, तोच आता शाळा चालावी म्हणून बाजूला ठेवा असे सांगताना आमची जीभ अडखळते. तरीही सांगावे लागतेच.

देशाच्या ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाचे २०२४ चे आकडे बोलके आहेत. चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. अशा मुलांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्के मुलांनी. आमच्या वर्गात हात वर करायला लावले तर चित्र फारसे निराळे दिसत नाही. त्याच संस्थेच्या २०२३ च्या, चौदा ते अठरा वयोगटाच्या पाहणीतला एक आकडा मात्र आम्हाला अधिक टोचतो. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडेच. म्हणजे फोनचे व्यसन मुलग्याला आणि फोनचा संशय मुलीवर, अशी आमच्या घरांतली वाटणी आहे. फोन वापरला म्हणून शाळेतून नाव काढण्याची धमकी मुलीलाच मिळते, मुलग्याला क्वचितच.

युनेस्कोने २०२३ साली जागतिक शिक्षणावरचा आपला अहवाल नेमक्या याच विषयाला वाहिला होता. एकदा लक्ष उडाले की ते पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे त्यात नमूद आहे. आमचा तास चाळीस मिनिटांचा. म्हणजे बाकाखाली एकदा फोन थरथरला की निम्मा तास गेलाच. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांतून फोनच्या वापराला बंदी घातली. नेदरलँड्सने २०२४ च्या जानेवारीपासून माध्यमिक वर्गांतून फोन बाहेर काढले. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात काहीसा वेगळा मार्ग सुचवला. शाळेत फोन आणण्यावर सरसकट बंदी घालणे इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही. शक्य तेथे फोन शाळेत शिरतानाच जमा करून घ्यावा, वर्गात त्याचा वापर नसावा, आणि नियम करताना पालकांना व शिक्षकांना विश्वासात घ्यावे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल आमच्या राज्यातला नसला तरी त्यातला शहाणपणा सीमाभागालाही लागू पडतो असे आमचे मत आहे.

शाळेच्या वेळेत फोन मुलाच्या हातात नको, याबाबत आम्हाला तडजोड मान्य नाही. पण फोन घरातून आणूच नका, हे आमच्याकडे चालणार नाही. चार-पाच मैलांवरच्या गावातून हायस्कूलला येणारी मुलगी संध्याकाळची बस चुकली तर काय करणार? बाप पाळीवर, आई रताळ्याच्या शेतात, घरात एकच फोन, आणि तोही मुलाजवळ. शाळेच्या कार्यालयातला जुना दूरध्वनी कधीचा बंद पडला आहे. अशा मुलीला ‘फोन आणू नकोस’ म्हणणे सोपे आहे. तिला घरी पोचवण्याची जबाबदारी घेणे तितके सोपे नाही.

म्हणून गेल्या वर्षी आमच्या शाळा सुधारणा समितीने जमा पद्धत सुरू केली. तिची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ शाळांतून हाच प्रयोग चालू आहे आणि त्यातल्या खाचखळग्यांची कोणी वाच्यता करत नाही. बचत गटाच्या महिलांनी शिंप्याकडच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या आणि त्यांवर हजेरी क्रमांक टाकले. प्रार्थनेपूर्वी फोन बंद करून पिशवीत घालायचा, वर्गप्रतिनिधीने पिशव्या मोजून लोखंडी कपाटात ठेवायच्या आणि शेवटच्या घंटेला परत न्यायच्या. पहिले आठ दिवस सगळे शिस्तीत चालले. नवव्या दिवशी एका पिशवीतून जो फोन निघाला, त्यात बॅटरीच नव्हती. घरातला कधीचा मेलेला फोन जमा करून चालू फोन मोज्यात लपवून ठेवण्याची युक्ती मुलांनी काढली होती. मुले हुशार आहेत याबद्दल आम्हाला कधीच शंका नव्हती. पुढे एका फोनची काच तडकली. ती आधीच तडकलेली होती की कपाटात तडकली, यावरून दोन दिवस वाद झाला आणि अखेर आम्हा शिक्षकांनी वर्गणी काढून काच बदलून दिली. तेव्हापासून वहीत ‘काच कशी आहे’ असा एक रकाना वाढवला.

सर्वांत मोठा खळगा मात्र आमच्याच बाजूला होता. मुलांचे फोन कपाटात आणि सरांचा फोन टेबलावर! तास चालू असताना वरिष्ठांचे निरोप येतात, हजेरी पाठवायची असते, दुपारच्या आहाराची संख्या कळवायची असते, हे सारे खरे आहे. पण एका मुलाने सभ्यपणे विचारले, ‘‘सर, तुमची पिशवी शिवली नाही का?’’ आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता शिक्षकांचे फोन तासाच्या वेळी शिक्षकखोलीत राहतात. शाळेचा म्हणून एकच फोन कार्यालयात ठेवला आहे. त्याचा क्रमांक प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे आणि मधल्या सुट्टीत घरी निरोप द्यायचा असेल तर त्यावरून देता येतो. हे केल्यापासून मेलेले फोन जमा होण्याचे थांबले. का थांबले, हे आमच्या शिक्षकबंधूंना समजावून सांगण्याची गरज नसावी.

याच काळात आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता. मागच्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून मांडीवर काहीतरी पाहत होती. आम्ही जाऊन फोन काढून घेतला, सगळ्या वर्गादेखत चार शब्द सुनावले आणि संध्याकाळी फोन परत दिला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. शिष्यवृत्तीच्या अर्जातली दुरुस्ती करण्याची मुदत आदल्या दिवशी सायंकाळी संपत होती. तशी सूचना पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री आली होती; संपूर्ण कन्नडमध्ये आणि तीही सरकारी कन्नडमध्ये. मुलगी कन्नड विषयात पास होते, कंडक्टरशी कन्नड बोलते, पण कार्यालयातल्या त्या जड शब्दांपाशी ती अडली. घरात वाचणारे कोणी नाही. म्हणून ती फोनच्या कॅमेऱ्याने त्या सूचनेचे मराठी भाषांतर करून पाहत होती. आम्ही फोन कपाटात ठेवला आणि मुदत संपली. त्या वर्षीची तिची शिष्यवृत्ती गेली.

नियम तिने मोडला होता, यात शंका नाही. पण ती सूचना गटावर टाकली कोणी? आम्हीच. वरून आली तशी ती आम्ही पुढे ढकलली, एक ओळ मराठीत लिहिण्याचे कष्ट घेतले नाहीत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के वा त्याहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, ही भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींतली मान्य गोष्ट आहे. मराठी परिपत्रके मिळावीत म्हणून सीमाभागातील मराठी माणसाने वर्षानुवर्षे निवेदने दिली, मोर्चे काढले. आणि येथे आमच्याच मराठी शाळेच्या, मराठी पालकांच्या गटावर, मराठी शिक्षकाकडून कन्नड सूचना जशीच्या तशी जात होती! सरकारकडे मागायचे ते मागूच. पण जे काम आपल्या अंगठ्याच्या दोन मिनिटांचे आहे त्यासाठी निवेदन कशाला लागते? त्या दिवसापासून गटावर जाणारी प्रत्येक सूचना वर मराठी सारांश आणि खाली मूळ कन्नड अशी जाते, आणि मुदतीची सूचना असेल तर प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली जाते. कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. अण्णा आणि अक्का म्हणून हाक मारणारी माणसे आम्ही, कन्नड शब्द आमच्या घरातच नांदतात. मुलांनी कन्नड उत्तम शिकावे, त्याशिवाय या राज्यात त्यांचे भले नाही. पण आईला कळेल अशा भाषेत सूचना मिळणे ही कोणावर मेहेरबानी नव्हे.

आता फोनच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. तिच्याबद्दल पालकसभेत कोणी बोलले नाही, पण भाषेचा शिक्षक म्हणून आमच्या मते तीच अधिक गंभीर आहे. फोन मुलाचा वेळ खातो हे सर्वांना दिसते. तो मुलाच्या हातचे मराठी कसे बदलतो हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाच दिसते. मुले एकमेकांना मराठीतूनच निरोप लिहितात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण लिहितात रोमन लिपीत. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होतात, ‘ण’ आणि ‘न’ एकच होतात. दिवसाकाठी शंभर निरोप असे लिहिणाऱ्या मुलाच्या निबंधात मग ‘पानी’ येते, ‘शाला’ येते, ‘बाल रडत होते’ असे वाक्य येते आणि ते केसाचे की लेकराचे हे आम्ही संदर्भावरून ठरवायचे. देवनागरी वापरणाऱ्यांचीही गंमत अशी की फोनमधला कळफलक बहुधा हिंदीचा निवडलेला असतो. तो ‘मी’ लिहू गेल्यास पुढे ‘में’ सुचवतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र कसा उमटवायचा हे मुलांना कोणी दाखवलेलेच नाही, म्हणून ‘दुसर्या’ लिहून वेळ मारून नेतात. ही केवळ शुद्धलेखनाची कटकट आहे असे कोणाला वाटेल. पण ज्या गावांत मराठी पाटी लावण्यावरून खटले भरले गेले, त्या गावांतल्या मुलांनी आपल्या हाताने ती लिपी सोडून द्यावी, हे आम्हाला साधे वाटत नाही.

यावर फोन जप्त करणे हा उपाय नाही, कारण हे लेखन शाळेत होत नाही, घरी आणि बसमध्ये होते. उपाय शिकवण्याचा आहे. आम्ही महिन्यातून एक शनिवार यासाठी दिला. त्या दिवशी कपाट उघडते. प्रत्येकाने फोनच्या मांडणीत जाऊन भाषांमध्ये मराठी निवडायची आणि मराठी कळफलक चालू करायचा. नुक्ता दिलेला ‘ऱ’, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ‘य’ : झाला ‘ऱ्य’. हे एकदा दाखवले की मुले दहा मिनिटांत आम्हाला मागे टाकतात. ज्याच्याकडे फोन नाही तो शेजाऱ्याच्या फोनवर बसतो. मग त्यांना काम द्यायचे. आजीकडून शेतीचे, स्वयंपाकाचे, जात्याचे दहा शब्द विचारून यायचे, त्यांचा अर्थ फोनवर मराठीत टाइप करायचा आणि शक्य तर आजीच्या आवाजात ते नोंदवून आणायचे. पहिल्या महिन्यात असे जे शब्द आले त्यांतले काही आम्हालाही ठाऊक नव्हते. मोल्सवर्थच्या कोशात पाहू म्हटले तर तो १८५७ च्या आवृत्तीसह इंटरनेटवर मोफत आहे. मराठी विश्वकोशही आहे. ज्या गावात वाचनालयाचे कपाट वाळवीने खाल्ले, त्या गावातल्या मुलाच्या खिशात विश्वकोशाचे सगळे खंड असावेत आणि त्याला ते कोणी सांगितलेलेच नसावे, याला काय म्हणावे?

हे सर्व करण्यामागे आमचा थोडा स्वार्थही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घटते आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकार लादू शकत नाही. ती निवड पालकांची. ती निवड पालक आता करत आहेत, आणि गावाबाहेर थांबणारी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दर जूनमध्ये थोडी अधिक भरून जाते. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली तर त्यांच्या भाषेत शिकवण्याची सोय करावी, हे सूत्रही जुने आहे. पण ती दहा मुलेच वर्गात उरली नाहीत तर कलमाने कोणाचे रक्षण करायचे? इंग्रजी शाळेकडे जाणारा पालक आम्हाला जे कारण सांगतो ते बहुधा भाषेचे नसते. ‘तिथे शिस्त आहे’ असे तो म्हणतो. शिस्त म्हणजे त्याच्या लेखी बूट, टाय आणि फोनवर बंदी. बूट-टाय आम्हाला परवडणार नाहीत. पण वर्गात फोन वाजत नाही, शिक्षक स्वतः फोन पाहत नाहीत, मुलीला सुखरूप बसमध्ये बसवले जाते आणि मुलगा फोनवर ‘दुसऱ्या’ बरोबर लिहितो, एवढे तर कापडी पिशव्यांच्या खर्चात होण्यासारखे आहे.

घरचे काय, हा प्रश्न उरतोच. शाळेत सहा तास कपाटात राहिलेला फोन संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत मुलाच्या हाती असेल तर आमची पिशवी काय कामाची? या बाबतीत शेजारच्या सांगली जिल्ह्याकडे पाहण्यासारखे आहे. तेथील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. पुढे त्याच जिल्ह्यातल्या अग्रण धुळगावचे पाहून २०२४ च्या डिसेंबरात आमच्या बेळगावशेजारच्या हलगा गावाने सात ते नऊ अशी वेळ ठरवली. म्हणजे हा प्रयोग राज्याची सीमा ओलांडून आला आणि त्याला कोणत्याही आयोगाची परवानगी लागली नाही! असे भोंगे पहिल्या महिन्यात उत्साहाने वाजतात आणि सणासुदीला थंडावतात, हा धोका आहेच. भोंगा वाजतो तेव्हा पोराचा फोन बंद आणि बापाच्या फोनवर क्रिकेटचा सामना चालू, असे असेल तर तो भोंगा मंदिरावर असला काय आणि पंचायतीवर असला काय, सारखाच.

पालकांना एकच विनंती आहे. मुलाचा, विशेषतः मुलीचा फोन चार लोकांत उघडून त्यातले फोटो आणि निरोप पाहू नका, आणि शिक्षकांनाही तसे करू देऊ नका. आमच्या जमा पद्धतीत फोन बंदच घेतला जातो आणि बंदच परत दिला जातो. शंका असेल तर आई-वडिलांना बोलावून त्यांच्यासमोर बोलावे. एकदा चव्हाट्यावर आणलेली मुलगी शाळेत परत येत नाही, आणि तिच्या बापाला तिचे लग्न ठरवायला तेवढे कारण पुरते. हे आम्ही पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत फोन येण्यापूर्वीही पाहिले आहे. तेव्हा कारण चिठ्ठीचे असे.

आमच्या समितीची पुढील बैठक येत्या पंधरवड्यात होईल. कपाटाच्या दोन किल्ल्या कोणाकडे असाव्यात, फोन हरवल्यास भरपाई कोणी द्यावी आणि शनिवारच्या तासाला आठवीलाही बसवावे काय, हे तीन विषय तिच्यापुढे आहेत. ज्या पालकांनी सभेत ओटीपीचा प्रश्न विचारला होता त्यांना समितीवर घेतले आहे. त्यांनी पहिलीच सूचना केली ती अशी की नियमांचा कागद मराठीत छापावा, एका पानाचा असावा आणि त्याखाली मुलाच्या सहीबरोबर आईचीही सही असावी, अंगठा असला तरी चालेल. तो कागद छापायला गेला आहे.